तिसऱ्या तिमाहीचा अहवाल

टोलीडो, ओहायो. ग्रंथालयाचं तळघर.
मंगळवार, संध्याकाळचे सहा.
अनुदानातून: कॉफीचा थर्मास एक,
चाळीस खुर्च्या, त्या ग्रंथालयाच्याच, भाडं माफ,
आणि तीन भाषांतली सहाशे पत्रकं.
अरबीतलं एक पान छापखान्यानं उलटं जोडलंय,
मी पिना काढून ते सुलट करत बसलेय.

माणसं आली अकरा.
त्यातले दोघे नुसतेच उबेला.
त्यांनाही मोजलं. वॉशिंग्टनला आकडा लागतो.

मग मी सांगते, दरवेळी सांगते तेच.
वंश, रंग, धर्म, मूळ देश, बाई की पुरुष,
पोरंबाळं, अपंगत्व.
सात बोटं उघडून दाखवते.
या सातांपैकी कशावरूनही
घर नाकारता येत नाही कुणाला.
आणि "जागा आत्ताच गेली" हे वाक्य
कुणाला ऐकू येतं नि कुणाला नाही
ते कसं तपासायचं:
दोन फोन, दोन आवाज, पत्ता एकच,
मध्ये वीस मिनिटं.

मागच्या रांगेतून नझीहा विचारते,
चार मुलं म्हटलं की फोन कट होतो,
तो पुरावा धरतात का?
तारीख लिहा, मी म्हणते. वेळ लिहा.
नाव सांगितलं नाही तर
"नाव सांगितलं नाही" असं लिहा.
ती हातावरच लिहायला लागते.
तिला वही देते. वह्या अनुदानात बसत नाहीत,
ही माझी आहे.

पुढच्या रांगेत ओझेला टिलरी, वय एक्क्याऐंशी,
कोट न काढता, पर्स मांडीवर धरून.
तिला घर नकोय. घर आहे,
वृद्धांच्या इमारतीत, सहावा मजला, लिफ्ट चालते.
शाळेतल्यासारखा हात वर करून ती विचारते,
हा कायदा कधीचा?
अडुसष्टचा. एप्रिल.

ती बोटांवर काहीतरी मोजते. बराच वेळ.

आम्ही बहात्तरमध्ये गेलो होतो, म्हणते.
कोपऱ्यावरचं पिवळं घर.
रॉस्को काचेच्या कारखान्यात, भट्टीवर होता.
पुढच्या खिडकीला नख लावून म्हणाला,
ही आपल्याकडची काच, कडेचा हिरवा बघ.
बाईनं दार चार बोटं उघडलं.
जागा आत्ताच गेली, म्हणाली.
पाटी अंगणात होती तशीच.
आम्ही तिला थँक यू म्हटलं.

म्हणजे तेव्हा कायदा चार वर्षांचा होता,
ओझेला म्हणते.
चालत होता, बोलत होता.
आमच्याशी नाही बोलला.
मी म्हणायचे नशीब.
रॉस्को मरेपर्यंत म्हणायचा,
तो दुसरा शर्ट घालायला हवा होता.

कॉफीचं मशीन नाही, तरी कुठेतरी काहीतरी गुरगुरतं.
बहुधा बॉयलर.
आणि पुढच्याच पानावर मला वाचून दाखवायचं असतं:
तक्रारीची मुदत, एक वर्ष.

वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.
घोड्याच्या चाऱ्याचे पैसे सरकार देतं,
दरवर्षी नव्यानं अर्ज केला तर.
यंदा दिले. पुढच्या वर्षाचं पत्र नाही अजून.

जाताना ओझेला पत्रकं मोजून घेते, तेवीस.
इमारतीत कपडे धुवायची खोली आहे,
तिथे सगळे आपापल्या मशीनसमोर
चाळीस मिनिटं अडकलेले असतात, म्हणते.
वाचतील. करतील काय दुसरं?
दारापाशी थांबून
तेवीसमधलं एक पर्समध्ये वेगळं ठेवते.
ते कुणासाठी, मी विचारलं नाही.

रात्री अहवाल.
उपस्थिती: अकरा.
पत्रकं वाटली: चौतीस.
निष्पत्ती.
आधी लिहिलं, "जाणीव वाढली." खोडलं.
मग लिहिलं, "एका व्यक्तीला बावन्न वर्षांनी कळलं
की शर्टात काही चूक नव्हती."
रकान्याखाली बारीक अक्षरात सूचना आहे:
मोजता येईल असंच लिहावे.

बरं.
शर्ट: एक.
आकाशी, तिनं सांगितलं होतं निघताना.
कॉलरला दोनदा इस्त्री.